हेमंतचं हळू इंटरनेट

फोनवरचा माणूस अनोळखी होता, आवाज मात्र माझ्या रोजच्या वापरातला होता. सावकाश, जरा खालच्या पट्टीतला. आधी तुमच्या नावाची खात्री करून घेणारा आणि मग तुम्ही आत्ता कुठं आहात, जवळ बसायला जागा आहे का, असं विचारणारा. आयर्लंडमधल्या नावन गावच्या रुग्णालयात मी इतकी वर्षं पेशंटांच्या घरच्यांना याच आवाजात फोन करत आले आहे. त्या सकाळी वॉर्डचा राउंड अर्धा टाकून मी कॉरिडॉरमध्ये उभी होते आणि तो आवाज पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होता. कॉर्कहून एक डॉक्टर सांगत होते की हेमंतला बसमध्ये भोवळ आली, मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय, त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलंय, आणि त्याच्या फोनमध्ये सगळ्यात वर माझा नंबर होता. "ताई म्हणजे आपणच ना, त्यांच्या पत्नी?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ताई म्हणजे मोठी बहीण. मावसबहीण वगैरे सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. इंग्रजीत त्याला कझिन म्हणतात, आणि तो शब्द त्या क्षणी मला फारच लांबचा वाटला.

हेमंत त्यातून उठला नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत... इथली मराठी मंडळी भेटतात, पुण्याहून त्याच्या कॉलेजचे मित्र मेल करतात, आणि सगळे एकच सांगतात: हुशार होता, अबोल होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे ऐकलं की मला राग येतो. हेमंत अबोल नव्हता, चिकट होता. प्रत्येक शब्द पदरचा मोडून द्यावा लागतो अशा थाटात तो बोलायचा. आणि अध्यात ना मध्यात म्हणावं, तर कॉर्कच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या टोकावरच्या दवाखान्यासाठी या माणसानं स्वतःच्या ऑफिसशी जो वाद मांडला होता, तो मी जवळून पाहिला आहे. म्हणून लिहायला बसले.

हेमंत हा माझ्या सुमनमावशीचा एकुलता एक मुलगा. मावशी मिरजेला शाळेत शिकवायची. काका हेमंत कॉलेजात असतानाच गेले. २००८ साली तो एमएस्सी करायला डब्लिनला निघाला तेव्हा "तुझ्या भरवशावर पाठवालोय बघ" असं मावशीनं मला फोनवर बजावलं होतं. तो आला आणि पाठोपाठ या देशातल्या नोकऱ्या जायला लागल्या. अर्ध्या बांधलेल्या घरांवरचे मजूर दिसेनासे झाले, आमच्या ओळखीतली काही कुटुंबं सामान विकून कॅनडाला गेली. मी याच्या काळजीनं अर्धी झाले होते आणि हा म्हणायचा, "होईल गं ताई." नोकरी लागल्याचं मला मेलनं कळलं. मेल कसली... विषयाच्या जागी "लागली" एवढंच, आणि आत मजकूर कोरा. आईला फोनही तो असाच करायचा. काही घडलं तर फोन. घडलं नाही तर कशाला? मग मावशी मला फोन करायची. "बरा आहे न्हवं तो? जेवालाय का नीट? फोन आला नाही की बरं चाललंय असं समज, असं म्हणतोय मला. मी कसं समजावं बाई?" मी तिची समजूत काढायचे आणि त्याला झापायचे. तो दोन्हीतून सहीसलामत सुटायचा.

डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टला एका लहानशा कंपनीत तो होता. मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले रक्ताचे रिपोर्ट इंटरनेटवरून गावोगावच्या दवाखान्यांत पोचवायचे, हे त्यांचं काम. दवाखान्यातला संगणक विचारतो, रुग्णालयातला उत्तर देतो. या विचारण्या-सांगण्याच्या सोयीला ते लोक वेब सर्व्हिस म्हणतात. आम्हा डॉक्टरांना रिपोर्ट आल्याशी मतलब, तो कसा येतो याच्याशी काही देणंघेणं नसतं. हेमंतला नेमकं तेवढ्याशीच देणंघेणं होतं. एकदा आमच्याकडे जेवताना त्यानं सांगितलं की रिपोर्ट पाठवताना प्रत्येक आकड्याच्या पुढं आणि मागं तो आकडा कशाचा आहे ते साग्रसंगीत नावानिशी लिहिलेलं असतं, आणि पेशंटचा एक नवा आकडा मागितला तरी त्याची वर्षानुवर्षांची सगळी जंत्री सोबत निघते. पाव किलो साखर मागावी आणि दुकानदारानं अख्खं गोदाम दारात आणून ओतावं, तसला प्रकार. मी म्हटलं, मग बिघडलं काय? आमच्याकडे तर चुटकीसरशी उघडतं. "तुमच्याकडे उघडतं गं," तो म्हणाला. त्यातला "तुमच्याकडे" त्यानं असा काही उच्चारला की मी भात वाढायची थांबले.

त्याच्या घरी मात्र काहीच चुटकीसरशी उघडत नसे. सिटीवेस्टच्या त्या नव्या इमारतींत सगळ्यांकडे वेगवान इंटरनेट होतं. यानं ते घेतलंच नाही. खिडकीच्या कट्ट्यावर मोबाइलच्या सिग्नलवर चालणारा एक इवलासा डोंगल ठेवला होता आणि त्याच्यावर घरचा सगळा कारभार. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून काहीतरी खटपट करून त्याचाही वेग मुद्दाम कमी केलेला. माझी मुलगी त्याच्याकडे राहून आली की वैतागलेली असायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तिच्या नावनच्या इंग्रजीत येतं: "आई, मामाज इंटरनेट इज ब्रूटल." मावशी एका उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला आली होती. दुपारची मालिका बघायला ती हौसेनं बसायची आणि पडद्यावरचं ते गोल चाक फिरत राहायचं. "अरे हेम्या, ही मालिका आहे का पिठाची गिरणी? सगळ्या गावाचं पळालंय, तुझंच का लंगडालंय?" तो नुसता हसायचा. शेवटी मावशीनं मालिका सोडली आणि स्वयंपाकघरातली 'प्रेस' आवरायला घेतली. कपाटाला इथं प्रेस म्हणतात हे तिला इतकं आवडलं होतं की मिरजेला गेल्यावरही ती डबे प्रेसमध्येच ठेवायला लागली. मला बरेच दिवस वाटत होतं की हा निव्वळ कंजूषपणा आहे. एकदा सरळ विचारलं, तर म्हणाला, "नोराकडे एवढंच आहे ताई. माझ्याकडे जास्त असलं तर तिचं थांबणं मला कळणार कसं?"

नोरा ही त्या टोकावरच्या दवाखान्यातली नर्स. डॉक्टर तिथं आठवड्यातून एखाददुसरा दिवस येत, एरवी दवाखाना म्हणजे नोरा. तिथली बरीच म्हातारी माणसं रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. ही गोळी मोठी लहरी. कमी पडली तर रक्ताची गाठ होण्याची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. म्हणून पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं आणि येईल त्या आकड्यावरून पुढचा डोस ठरवायचा. नमुने गाडीनं शहरात जात आणि आकडा संगणकावर येत असे. म्हणजे यायला हवा होता. डोंगराआडून येणाऱ्या रडक्या सिग्नलवर ती सगळी जंत्री निम्म्यात अडकायची, पान उघडायचंच नाही, आणि नोरा रुग्णालयाला फोन करकरून आकडे विचारत बसायची. अखेर तिथली व्यवस्था बघणारे लोक कंटाळले. ज्या दवाखान्यांना हे झेपत नाही त्यांना यातून वगळू, त्यांनी पूर्वीसारखी पोस्टाची वाट बघावी किंवा पेशंटांना शहरात पाठवावं, असं त्यांनी कंपनीला कळवलं. शहर तिथून लांब, बस क्वचित. गाडी चालवणं सुटलेल्या माणसांनी काय करायचं, याबद्दल कुणी काही बोललं नाही. कंपनीतही बहुतेकांचं मत असंच पडलं की दोष लाइनचा आहे, आपला नाही. कधीतरी तिकडं चांगली लाइन जाईल, तेव्हा बघू. हेमंत एकटा अडून बसला. लाइन आहे अशीच राहणार हे धरून चाला, म्हणाला, आणि मला थोडा वेळ द्या. खूप वाजलं म्हणे त्यांचं. शेवटी शेन, म्हणजे त्याचा वरिष्ठ, "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, असं म्हणून खांदे उडवून मोकळा झाला आणि नोराच्या दवाखान्याचा निकाल पुढच्या तपासणीपर्यंत लांबला.

त्या दवाखान्यात हेमंतला पहिल्यांदा मीच घेऊन गेले. मला सुट्टी होती, मुलीला समुद्र बघायचा होता, आणि त्याला बसनं जायला अख्खा दिवस गेला असता. मला वाटलं, हा तिथं पोचल्या पोचल्या लॅपटॉप उघडून बसणार. त्यानं तो पिशवीतून काढलाच नाही. पेशंटांची नावं आपल्याला दिसू नयेत म्हणून पडद्याकडे पाठ करून एक खुर्ची टाकली आणि नोराच्या चेहऱ्याकडे बघत बसला. दिवसभर! ती कधी कपाळाला आठ्या घालते, कधी उसासा सोडते, कधी उठून किटली लावते, एवढंच बघत होता. मला ओशाळल्यासारखं झालं. नोरा साठीच्या घरातली, लालबुंद गालांची, दणदणीत आवाजाची बाई, तिनं एकदोनदा मला विचारलं, "हा माझं चित्र काढणार आहे का?" संगणकाला ती 'युवर मॅन' म्हणायची. समोर नसलेल्या कुणाही बाप्याला इथं युवर मॅन म्हणतात, तसं. "युवर मॅन आज रुसलाय," असं म्हणून ती पडद्यावर टिचकी मारायची. दुपारी चहा पिताना हेमंतनं तिला विचारलं, पान उघडलं की तुमची नजर आधी कुठं जाते? ती म्हणाली, "आजच्या आकड्यावर. मग मागच्या वेळच्या आकड्यावर. दोघांत फार फरक नसला की ग्रँड, पुढचा पेशंट." आणि बाकीचं? "बाकीचं मी काळजी वाटली तरच बघते." हेमंतनं मान डोलावली आणि तिच्याकडून आणखी एक बिस्किट घेतलं.

परतीच्या वाटेवर हा चिकट माणूस नुसता बोलत सुटला होता. आधी ते दोन आकडे जातील, बाकीचं नोरा मागेल तेव्हाच. तिच्या संगणकाकडे जे आधीच पोचलंय ते पुन्हा पाठवायचं नाही. त्यानं फक्त विचारायचं, मी मागं बघितलं त्यानंतर काही बदललंय का, आणि बदललं असेल तेवढंच रुग्णालयानं द्यायचं. ती लांबलचक नावं आखूड करायची, आणि उरेल ते दाबून, घडी घालून पाठवायचं. शिवाय दर पेशंटमागं वेगळी फेरी नको. सकाळी दवाखाना उघडला की सगळ्यांचं एकदमच विचारून घ्यायचं. हे शेवटचं माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा तो म्हणाला, "तू मला कोथिंबिरीला पाठवतेस. आलो की लिंबाला पाठवतेस. मग तुला दही आठवतं. मी ओझ्यानं दमत नाही ताई, फेऱ्यांनी दमतो." मागच्या सीटवर माझी मुलगी खो खो हसली, कारण त्याच आठवड्यात हे घडलं होतं. मी जरा चिडूनच विचारलं, एवढं सोपं आहे तर आधीच का नाही केलंत? "आधी आम्हाला नोरा माहीत नव्हती," तो म्हणाला.

पुढचे काही महिने तो त्या खिडकीतल्या डोंगलवर झटत होता. थोडं जमलं की मला फोन यायचा, "उघडलं," आणि लगेच ठेवून द्यायचा. जसजसं ओझं कमी होत गेलं तसतशी त्याला त्या कापाकापीची चटकच लागली. कुठं एखादं अक्षर जास्त दिसलं की त्याला चैन पडायची नाही. मी चिडवायचे, की अरे हे तुझं डाएट चाललंय का नोराचं? काहीच नवीन नसेल तेव्हा रुग्णालयाकडून जे उत्तर जायचं ते त्यानं असं छाटलं की त्यात जवळजवळ काही उरलंच नाही. नुसती एक खूण, बदल नाही एवढ्या अर्थाची. आणि त्याच भरात त्यानं पडद्यावरचं "नवीन रिपोर्ट नाहीत" हे वाक्यही काढून टाकलं. वर नवीन आकड्यांची जी चौकट होती ती रिकामी. रिकामी म्हणजे काही नाही, त्यात न समजण्यासारखं काय आहे? ते वाक्य काढून वाचला असेल तो कणभर वेळ. पण त्या कणाचा त्याला कोण अभिमान! असल्या चुका अडाणी माणसाच्या हातून होत नाहीत, त्या करायला वर्षानुवर्षं संगणकाशी बोलावं लागतं.

एका सकाळी तिथला सिग्नल पार गेला. नोराच्या संगणकानं विचारलं, पण ते विचारणं कुठं पोचलंच नाही. चौकट रिकामी. नोराला वाटलं, नवीन काही नाही. एका आजोबांना तिनं नेहमीचीच गोळी चालू ठेवा म्हणून घरी धाडलं. आणि इकडे रुग्णालयात त्यांचा आकडा येऊन पडला होता. भलताच वर गेलेला. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी जुन्या सवयीनं फोन उचलून तिला कळवलं म्हणून बरं. नोरा स्वतः गाडी काढून आजोबांच्या घरी गेली आणि गोळी थांबवली. कुणाला काही झालं नाही. पण संध्याकाळी हेमंत नावनला माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता. जेवला नाही. मी केलेला चहा हातात धरून बसला. "सगळं ठीक आहे आणि सगळं बंद पडलंय," तो म्हणाला, "दोन्ही मी सारखंच दाखवलं, ताई."

माझ्या स्वयंपाकघरातूनच त्यानं नोराला फोन लावला. माफी मागायला एकट्यानं धीर होत नव्हता म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. मला वाटलं होतं, ती बाई आता याला फाडून खाणार. ती अगदी हळू आवाजात बोलली. "काही नसेल तर नाही म्हणून सांग, बाळा. तू गप्प बसलास तर मी काय समजायचं? माझा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. त्याचा रेडिओवरून निरोप यायचा, सगळं ठीक, नवीन काही नाही. त्या निरोपात काय असायचं? काहीसुद्धा नाही. पण तो आला की मी जेवायला बसायचे." फोन ठेवल्यावर हेमंत उठला, भात गरम केला, आणि उभ्याउभ्याच जेवला.

वाक्य परत आलं. नुसतं परत नाही, वाढून आलं. "रुग्णालयाला आत्ताच विचारलं. नवीन काही नाही." आणि उत्तरच आलं नाही तर ठळक लाल अक्षरांत, "रुग्णालयाकडून उत्तर नाही. फोन करा." अक्षरा-अक्षरासाठी भांडणारा हेमंत ओझं वाढवतोय म्हणून शेननं त्याची टर उडवली. यानं ऐकून घेतलं आणि अक्षरं आणखी मोठी केली. रुग्णालयाची माणसं तपासणीला येणार होती, ती तपासणी ऑफिसात नको, नोराकडेच घ्या, असा त्यानं हट्ट धरला. बाहेर वादळी पाऊस होता, सिग्नल जेमतेम होता. नोरा सांगते की तिनं संगणकाला पान उघडायला सांगितलं आणि कपात चहा ओतेपर्यंत दोन्ही आकडे समोर होते. मग त्या लोकांपैकी एकानं गंमत म्हणून डोंगलच उपटला, तर लाल अक्षरं झळकली. दवाखाना राहिला. तसल्याच लाइनवरचे दुसरेही राहिले. मला मेल आली, विषय, "राहिला". मी सवयीनं बंद करणार होते, तर आत चक्क मजकूर होता. "नोरानं तुला विचारलंय. चहा छान होता. परतीची बस मिळाली." हेमंतच्या हिशेबानं ही कादंबरीच झाली.

त्यानंतरच कधीतरी त्यानं दर रविवारी मावशीला फोन करायला सुरुवात केली. पहिल्या वेळी ती घाबरली. काय झालं रे, म्हणाली. "काही नाही आई. नवीन काही नाही, एवढंच सांगायला केला." मावशीनं ताबडतोब मला फोन लावला. "काहीतरी लपवालाय बघ हा. नोकरी गेली काय?" तिची खात्री पटायला बरेच रविवार जावे लागले. मग मात्र ती जेवणं आटपून दुपारी फोनपाशी बसायला लागली आणि त्या वेळेला शेजारणींनासुद्धा घरात घेईना. मी एकदा हेमंतला विचारलं, हे तुला अचानक कसं सुचलं? तो म्हणाला, "आई पण टोकालाच आहे की गं."

कॉर्कला मी पोचले तेव्हा तो तसाच होता, डोळे मिटून, यंत्राच्या श्वासावर. मावशीला मलाच कळवायचं होतं. डॉक्टर माणसाला सगळं एका दमात सांगायची खोड असते. स्कॅनमध्ये काय दिसलं, दाब किती, शक्यता किती. फोन हातात घेऊन मी थोडी थांबले. मावशीची नजर आधी कुठं जाईल? मग म्हटलं, "मावशी, मी हेमंतच्या उशाशी आहे. तो एकटा नाही. त्याला दुखत नाहीये." आणि त्यानंतर, त्याला काय झालंय ते. ती जेवढं विचारत गेली तेवढंच सांगत गेले. तिला व्हिसा मिळून ती येईल एवढा वेळ हातात नाही, हे मला कळत होतं आणि तिलाही माझ्या बोलण्यावरून कळलं असणार. पुढं मी तिला फोन करत राहिले. सकाळी, दुपारी, मध्येच कधीही. सांगायला काही नसायचं. "बदल नाही, मावशी." ती म्हणायची, "बरं. करत राहा, बाई." नोरा तिच्या गावाहून आली होती आणि मी फोनवर असले की त्याचा हात धरून बसायची. तिला मराठी कळत नव्हतं, पण मी काय सांगतेय ते तिला बरोबर कळत होतं. शेवटचा फोन लावला तेव्हा पलीकडून हॅलोसुद्धा आलं नाही. मावशीनंच विचारलं, "आता झालाय न्हवं बदल?" झाला गं मावशी, एवढंच मी म्हणू शकले.

अस्थी घेऊन मी मिरजेला जाऊन आले. आल्यावर रविवारी मावशीला फोन करायला लागले, त्याच्याच वेळेला. कुणीतरी करायला हवा, असं मला वाटलं. पण फोन लागला की माझी जीभ अडखळायची. नवीन काही नाही, हे त्याचं वाक्य मी त्याच्या आईला कुठल्या तोंडानं म्हणू? मग मी इथल्या थंडीबद्दल बोलायचे, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलायचे, आणि मावशी हूं हूं करत ऐकायची आणि म्हणायची, ठेव आता, तुला कामं असतील. गेल्या रविवारी मी फोन केलाच नाही. मनात आलं, त्याच वेळेला घंटी वाजवून आपण तिची बरी होऊ पाहणारी जखम उगाच खरवडून काढतोय. तिला जरा निवांत राहू द्यावं. असं ठरवून मी स्वयंपाकघरात बसले होते. मशीन लावायचं होतं, भाजी निवडायची होती, आणि मी नुसती बसले होते. घरातल्यांनी दोनदा विचारलं, काय होतंय? काही होत नव्हतं. आणि फोन वाजला. मावशी परदेशी स्वतःहून फोन कधी लावत नाही. एवढे आकडे दाबायचे म्हणजे कटकट, असं म्हणते. काय झालं मावशी, मी ओरडलेच.

"काही नाही गं," मावशी म्हणाली. "नवीन काही नाही, एवढंच सांगायला केला. म्हटलं, तू वाट बघत असशील."

मी वाट बघत होते.